क्रोनोग्राफ, कालमापक आणि विपळ

नागपुरातल्या एका घड्याळ-डिझायनरनं विचारलंय: जुन्या क्रोनोग्राफांच्या धर्तीवर नवं, उंची मनगटी घड्याळ रेखाटतोय, डायलवर देवनागरी हवी, क्रोनोग्राफला 'कालमापक' लिहू का?

मुळीच नको. कालमापक म्हणजे क्रोनोमीटर. नागपूरच्या बर्डीच्या बाजारात बाजूला दोन बटणं असलेलं कुठलंही घड्याळ 'क्रोनोमीटर' म्हणून खपवतात, ते ऐकून कान किटले. क्रोनोमीटर ही अचूकतेची पदवी आहे. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था यंत्र १५ दिवस तपासते आणि दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे, एवढ्यात बसलं तरच प्रमाणपत्र देते. क्रोनोग्राफ ही घड्याळातल्या स्टॉपवॉचची सोय आहे. वरचं बटण दाबलं की मधला लांब काटा धावतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की उडी मारून शून्यावर.

'ग्राफ' म्हणजे लिहिणं, आणि फ्रेंच घड्याळजी निकोला र्‍यूसेकचं यंत्र खरोखर लिहीत होतं. १८२१ साली पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत घोडा सीमा ओलांडी तेव्हा फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका पडे. लुई मुआने या दुसऱ्या फ्रेंच घड्याळजीचं १८१६ सालचं यंत्र २०१३ मध्ये जगापुढे आल्यापासून 'पहिला क्रोनोग्राफ मुआनेचाच' असा धोशा लावणारे बरेच झालेत. वेळ मोजण्याचा मान खुशाल त्याला द्या; पण त्यानं एक अक्षर लिहिलं नाही, तेव्हा नावावर हक्क र्‍यूसेकचाच. मुआनेनं आपल्या यंत्राला 'तिएर्स' मोजणारं म्हटलं होतं. तासाची पहिली फोड मिनिट, दुसरी सेकंद, तिसरी तिएर्स, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. त्यासाठी यंत्राचे ठोके तासाला २,१६,०००.

हा आकडा आपल्या घरचा आहे! दिवसाच्या ६० घटका, घटकेची ६० पळं, पळाची ६० विपळं: दिवसाची विपळं २,१६,०००. एक विपळ ०.४ सेकंदाचं. आता गेल्या शतकातले नावाजलेले हातचावीचे क्रोनोग्राफ घ्या. त्यांतले कितीतरी तासाला १८,००० ठोक्यांवर चालतात, म्हणजे सेकंदाला पाच. घड्याळाची लय धरणारं, झुलणारं बॅलन्स चाक एकदा जाऊन परत येतं तेव्हा दोन ठोके होतात, ०.४ सेकंद, बरोबर एक विपळ. परंपरा शोधायला जिनिव्हाला कशाला जायचं?

घटकाही डोळ्यांनी दिसणारी गोष्ट आहे. लग्नात गंगाळात सोडतात ते तांब्याचं घटिकापात्र पाहा: बुडाच्या बारीक भोकातून आधी पाण्याचा मणी वर येतो, मग तळ ओला होतो, शेवटी काठ कलतो आणि वाटी डुब्बकन खाली. २४ मिनिटं. 'घटका भरली' हा वाक्प्रचार तिथलाच. वाटी बुडाली की ज्या थाळीवर टोल देत, ती थाळी म्हणजे तास, शब्द अरबी-फारसीतला. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकानं बसवलेलं कालयंत्रही 'तास-घडियाल'च. तरी काही पंडित या तासाला नांगराच्या तासाशी जोडून संस्कृतात ओढतात. नांगराचं 'ते तास', वेळेचा 'तो तास'. लिंगसुद्धा न पाहता व्युत्पत्ती सांगायची म्हणजे कमाल आहे.

तेव्हा डायलवर 'क्रोनोग्राफ' असंच लिहा, शब्द मराठीत मुरलाय. देवनागरीचा खरा उपयोग छोट्या तबकडीवर करा. जुन्या घडणीत मिनिटं मोजणाऱ्या चाकाला ३० दाते असतात आणि मिनिटाला एक दाता पुढे सरकतो. तुम्ही २४ दात्यांचं चाक करून घ्या, एका फेऱ्यात एक घटका भरेल. तिथे 'घटका' लिहा, आणि कडेच्या वर्तुळावर २४ व ४८ सेकंदांपाशी पहिल्या दोन पळांच्या खुणा.