मावसभावाला कॅलिफोर्नियात अटक झाली आहे. ५०,००० डॉलर जामीन लगेच भरावा का? आणि हे ‘प्रीट्रायल’वाले कोण?

तुम्ही चार ओळींतच सगळं लिहिलंय. शनिवारी रात्री नवरा-बायकोचं भांडण, शेजाऱ्यांनी ९११ लावला, सांताक्लारा काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) भावाला अटक, जामीन ५०,००० डॉलर. मावशी पुण्यात एफडी मोडायला निघाल्यात. आणि डॅलसला तुम्हाला ‘प्रीट्रायल सर्व्हिसेस’मधून फोन आला, तो फसवणुकीचा समजून तुम्ही कापलात.

आधी तो फोन परत लावा. काउंटीच्या सरकारी वेबसाइटवर त्या खात्याचा नंबर आहे, तिथून घ्या, म्हणजे शंकाही राहणार नाही. पैशांचं नंतर बघू.

मी वकील नाही. १९ वर्षं सनीवेलला राहते. तीन वर्षांपूर्वी यजमानांच्या मित्राचा पुतण्या असाच अडकला, तेव्हा मलाही असा फोन आला होता. सकाळचे सात वाजले होते, चहा गॅसवर. समोरची बाई शांतपणे विचारत होती: याला किती वर्षं ओळखता? हा सांगतोय तिथंच नोकरीला आहे का? घरी परत जाता आलं नाही तर राहायला दुसरी जागा आहे का? शेवटच्या प्रश्नावर मी गप्प झाले. तोवर मला वाटत होतं की आपण फक्त चौकशीला उत्तरं देतोय. ती मात्र न्यायाधीशांसमोर ठेवायच्या अहवालात तो रकाना भरत होती. चहा उतू गेला.

तर हे काम असं चालतं. प्रीट्रायल सर्व्हिसेस हे काउंटीचं खातं आहे. ते पोलिसांचं नाही, सरकारी वकिलांचं नाही आणि तुमच्या भावाचंही नाही. अटक झालेल्या माणसाला ते भेटतात. पत्ता, नोकरी, नातेवाईक, आधीचे गुन्हे, आधी कधी तारीख चुकवली का, हे विचारतात आणि बाहेरच्या दोन-चार माणसांकडून पडताळून घेतात. मग न्यायाधीशांना कळवतात की याला सोडलं तर तारखेला येईल का, कुणाला धोका आहे का, आणि सोडायचंच तर कोणत्या अटींवर. आपल्याकडे जातमुचलका म्हणतात तशी सुटका इथं आहे. पैसे न घेता, ‘हजर राहीन’ या लेखी वचनावर. त्यावर देखरेख जोडली की ठरलेल्या दिवशी हजेरी, कधी दारूची तपासणी, कधी पायात जीपीएसचं कडं.

घरगुती हिंसाचाराच्या गुन्ह्यात ही सुटका परस्पर होत नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार त्यासाठी खुल्या न्यायालयात सुनावणी लागते. म्हणून तो अहवाल महत्त्वाचा, आणि म्हणूनच तुम्ही कापलेला फोन महत्त्वाचा. अटकेनंतर ४८ तासांत न्यायाधीशांसमोर उभं करावं लागतं, पण त्यात रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत. शनिवारी रात्रीची अटक म्हणजे साधारण मंगळवारी, फार तर बुधवारी पहिली हजेरी व्हायला हवी. सॅन होजेत हेडिंग स्ट्रीटवर तुरुंग आणि न्यायालय शेजारी-शेजारीच आहेत.

आता पैसे. ५०,००० पूर्ण न्यायालयात भरले तर खटला संपल्यावर परत मिळतात, पण तेवढे रोख कुणाकडे नसतात. म्हणून लोक बेल बाँडवाल्याकडे जातात. तो न्यायालयाला पूर्ण रकमेची हमी देतो आणि त्यासाठी साधारण दहा टक्के घेतो, म्हणजे ५,००० डॉलर, आणि ते त्याची फी म्हणून कायमचे गेले. सरकारी वकिलांनी उद्या आरोपच ठेवले नाहीत आणि भाऊ मंगळवारी तसाच सुटला, तरी परत मिळत नाहीत. आमच्या पुतण्याच्या वेळी असाच एक बाँडवाला रात्री अकराला फोनवर ‘आत्ताच सही करा, नाहीतर महिनाभर आत राहील’ म्हणत होता. पुतण्या तिसऱ्या दिवशी बाहेर आला, जातमुचलक्यावर. तरीही भरूच नका असं मी म्हणणार नाही. सोमवारी ऑफिसला न जाणं म्हणजे नोकरी जाणं, आणि नोकरी गेली की नोकरीवर मिळालेला एच-१बी व्हिसा धोक्यात, अशी गाठ असेल तर ५,००० डॉलर जास्त नाहीत. मात्र ते तीन दिवसांची किंमत म्हणून द्या. ‘महिनाभर आत’ या भीतीपोटी नको.

जामिनाची रक्कम दगडावरची रेघ नसते, हेही मावशींना सांगा. २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत केनेथ हम्फ्री नावाच्या वयस्कर माणसावर शेजाऱ्याच्या खोलीत शिरून सात डॉलर आणि अत्तराची बाटली चोरल्याचा आरोप आला. जामीन लावला ६,००,००० डॉलर! पुढे तो ३,५०,००० वर आला, पण त्याच्यासाठी दोन्ही सारखेच. ते प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. मार्च २०२१ मध्ये न्यायालयानं सांगितलं की केवळ पैसे नाहीत म्हणून माणसाला आत ठेवता येणार नाही. न्यायाधीशांनी ऐपत बघायची आणि पैशांशिवायच्या अटींनी भागतं का हे आधी बघायचं. त्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, जामिनाचे पैसे पूर्ण बंद करायचा प्रस्ताव मतदारांनी पाडला होता. म्हणून इथं दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी नांदतात आणि तुमच्यासारख्यांचा गोंधळ होतो.

आता खरी अडचण. सुटकेबरोबर जवळजवळ नक्की येणारा कागद म्हणजे संरक्षण आदेश. बायकोपासून ठरलेल्या अंतरावर राहायचं, घरी जायचं नाही, फोन नाही, मेसेज नाही, इन्स्टावर लाइकसुद्धा नाही. आणि दुसऱ्या माणसाकरवी निरोपही नाही. इथं मराठी घरं घसरतात. आपल्याकडे भांडण झालं की मोठी माणसं मध्ये पडतात. काकू सुनेला फोन करते, मामा व्याह्यांना करतो, ‘अगं, झालं गेलं विसर, केस मागे घे.’ पहिली गोष्ट, ती केस तिची नाहीच. इथं खटला राज्य चालवतं, मागे घेणं तिच्या हातात नाही. दुसरी गोष्ट, भावानं आईला ‘तिला जरा समजाव’ म्हटलं आणि आईनं फोन केला, तर तो त्यानं आदेश मोडल्यासारखा धरला जाऊ शकतो. साक्षीदारावर दबाव आणल्याचा आरोप वेगळाच. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात तर असा संरक्षण आदेश मोडल्याचं न्यायालयानं ठरवलं, की मूळ गुन्ह्यात दोषी न ठरताही ते देशाबाहेर काढण्याचं कारण होऊ शकतं.

तुरुंगातून येणारे फोन रेकॉर्ड होतात. मराठीत बोललो म्हणजे कुणाला कळत नाही, हा समज सोडा. दुभाषी मिळतो.

आमच्याकडे पुतण्या चार महिने हॉलमध्ये राहिला. खरं तर मी आधी नाहीच म्हणाले होते. त्याची बायको माझ्या ओळखीची, भिशीला यायची, आणि त्या रात्री काय झालं ते मी पाहिलं नव्हतं. पण त्याला दुसरीकडे जागा नव्हती, आणि जागा नाही म्हणजे सुटका अवघड. पायातलं कडं रोज चार्ज करावं लागे, पायातच असताना. वायर आखूड, प्लग सोफ्यामागे. म्हणून रोज रात्री साडेआठ ते दहा तो दावणीला बांधल्यासारखा एका कोपऱ्यात बसून असे. एकदा तसाच झोपला, प्लग निसटला, आणि पहाटे ते थरथरायला लागल्यावर घाबरून उठला. गणपतीला मंडळात गेला नाही, कारण ती येणार होती. आम्ही मोदक डब्यात आणले. कड्याचे पैसे मात्र काउंटीनं घेतले नाहीत. जुलै २०२१ पासून असली शुल्कं राज्यात कायद्यानं बंद झाली आहेत.

भावाला निरोप देता आला तर दोनच गोष्टी सांगा. प्रीट्रायलच्या माणसाला पत्ता, नोकरी, नातेवाईक यांबद्दल खरं आणि पूर्ण सांग. त्या रात्रीबद्दल मात्र एक शब्दही वकिलाशिवाय बोलू नकोस. वकील परवडत नसेल तर पब्लिक डिफेंडर, म्हणजे सरकारी खर्चानं बचाव करणारा वकील, मिळतो, आणि तो दुय्यम असतो हा गैरसमज आहे. हेच न्यायालय, हेच न्यायाधीश, रोजचं काम.

आणि ‘कबूल करून टाक, लगेच सुटशील’ असं कुणी म्हणालं तर थांबायचं. किरकोळ गुन्ह्यांसाठी कॅलिफोर्नियात २०२१ पासून न्यायाधीश डायव्हर्जन देऊ शकतात. काही महिने अटी पाळायच्या आणि केस रद्द. पण पत्नीवरच्या हिंसाचाराचे गुन्हे त्यातून वगळले आहेत. मानसिक आजाराचं निदान असेल तर उपचारांचा वेगळा मार्ग आहे, तो वकिलानं सुचवावा. दोषी ठरला आणि प्रोबेशन (देखरेखीखाली, अटींवर बाहेर राहणं) मिळालं, तर हिंसाचार थांबवायला शिकवणारे निदान ५२ आठवड्यांचे वर्ग, आठवड्याला दोन तास. योग्य कारण असलं तरी तीनपेक्षा जास्त गैरहजेऱ्या चालत नाहीत. शिक्षेचे काही दिवस तुरुंगाऐवजी घरी कड्यावर किंवा सामुदायिक कामात भागवता येतात, पण ते पुढचं. आपल्या व्हिसावाल्यांसाठी फार मोठी गोष्ट ही, की न्यायालयाच्या कागदावर केस मिटली तरी गुन्हा कबूल केलेला असला, तर इमिग्रेशनच्या लेखी तो दोषी ठरलेलाच धरला जाऊ शकतो. २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पडिया खटल्यात सांगितलं की हा धोका अशिलाला सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे. तेव्हा वकिलाला पहिल्याच भेटीत व्हिसा कोणता ते सांगायचं. आणि ‘त्याला गुपचूप पुण्याला आणू’ हा बेत कुणाच्या डोक्यात असेल तर तिथंच मोडा. वॉरंट निघतं आणि ते जुनं होत नाही.

तुमच्या प्रश्नात वहिनीचं नाव कुठंच नाही. ती कुठं आहे, कशी आहे, हे तुम्ही लिहिलं नाहीत, बहुधा तुम्हालाही माहीत नसेल. विचारायला फोन करू नका. पण तिच्या माहेरच्यांपैकी कुणी स्वतःहून तुमच्याशी बोललं, तर सांताक्लारा काउंटीत १९९१ पासून काम करणाऱ्या ‘मैत्री’चं नाव सांगा. घरगुती हिंसाचार सोसणाऱ्यांना, मुख्यतः दक्षिण आशियाई लोकांना, मदत करणारी ती संस्था आहे, आणि तिथं इंग्रजीतच बोलायला हवं असं नाही.

प्रीट्रायलचा फोन लावून झाला की लगेच मावशींना लावा. पुण्यात आत्ता रात्र आहे, पण उठवा. सकाळ झाली की त्या आधी एफडी मोडतील आणि मग सुनेला फोन करतील.