अनुदान घटनाबाह्य नाही, पण तुमची यूसी (उपयोगिता प्रमाणपत्र) कुठे आहे?

प्रश्न: आमचा नोंदणीकृत न्यास विद्यार्थ्यांचे वसतिगृह चालवतो. आवारात जुने देऊळ आहे. केंद्राच्या एका योजनेतून फेब्रुवारी 2023 मध्ये इमारतीसाठी 22 लाखांचा पहिला हप्ता मिळाला. खासगी, त्यातून देवळाच्या संस्थेला सरकारी पैसा देणे घटनाबाह्य आहे, अशी एकाने तक्रार केली. खात्याने दुसरा हप्ता रोखला आणि पहिला व्याजासह परत मागणारी नोटीस पाठवली. अनुदान हा आमचा घटनात्मक हक्क आहे, असे म्हणून हायकोर्टात जाता येईल का? – एक सचिव

उत्तर: सचिवसाहेब, अशी पत्रे मला सतत येतात. जवळपास प्रत्येकात तक्रारदारावर चार पाने असतात आणि मंजुरी आदेशावर अर्धी ओळ. तुमचेही तसेच आहे.

घटनेचे आधी उरकतो. अनुच्छेद 282 प्रमाणे केंद्र किंवा राज्य कोणत्याही सार्वजनिक प्रयोजनासाठी अनुदान देऊ शकते. घेणारी संस्था सरकारीच हवी, अशी अट त्यात नाही. खासदार निधीच्या योजनेला दिलेले आव्हान 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले, तेव्हा आधार याच अनुच्छेदाचा होता. तक्रारदाराच्या हातात अनुच्छेद 27 आहे. पण तो आडवा येतो कराचा पैसा एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी राखून ठेवला तर. हज अनुदानाच्या प्रकरणात 2011 मध्ये न्यायालयाने हा बांध बराच सैल ठेवला. विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या खोल्या त्यात ओढणे अवघड आहे. या मुद्द्यावर तक्रारदार बहुधा हरेल.

म्हणून तुम्ही जिंकाल, असे मात्र नाही. अनुदान हा मूलभूत हक्क नाही, तो धोरणाचा भाग आहे आणि सोबत अटी येणारच, हे उत्तर प्रदेशातल्या एका अनुदानित कॉलेजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले आहे. अटी नको असतील तर अनुदान घेऊ नका, इतका सरळ हिशेब. कोणीतरी तुम्हाला 1995 चा निकाल दाखवेल, महाराष्ट्रातल्याच खासगी विधी महाविद्यालयांचा. तिथे इतर विद्याशाखांना अनुदान आणि विधीला नाही, असा भेदभाव होता. तुमच्यासारख्याच दुसऱ्या संस्थेला यूसीशिवाय दुसरा हप्ता मिळाल्याचा कागद आहे तुमच्याकडे? नसेल तर तो निकाल बाजूला ठेवा.

आता यूसी, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे प्रमाणपत्र. 'इमारत पूर्ण झाल्यावर देणारच होतो,' हे तुमचे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. केंद्राच्या जनरल फायनान्शियल रूल्स (जीएफआर) 2017 मधला नियम 238 इमारत कधी पूर्ण होते हे विचारत नाही. ज्या आर्थिक वर्षात पैसा मिळाला ते वर्ष संपल्यापासून बारा महिने, एवढीच मुदत. तुमचा हप्ता 2022-23 मधला, म्हणजे 31 मार्च 2024 ला मुदत संपली. तक्रारदार नसता तरी दुसरा हप्ता अडकलाच असता. खात्याला त्याच्या अर्जाने फक्त फाइल उघडायला निमित्त मिळाले.

याहून वाईट गोष्ट तुम्ही पाठवलेल्या कागदांच्या शेवटच्या पानावर आहे: बंधपत्र. अटी मोडल्यास त्यावर सह्या करणारे संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या, अनुदानाची पूर्ण किंवा काही रक्कम वार्षिक दहा टक्के व्याजाने परत करायला बांधील राहतील, असे कलम त्यात आहे. पहिली सही तेव्हाच्या अध्यक्षांची, दुसरी तुमची. 'स्टँडर्ड फॉर्म होता म्हणून वाचला नाही,' असे तुम्ही मोकळेपणाने लिहिता. कोर्टात ते बोलू नका. अध्यक्ष बदलले, पण त्याचा चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद करण्याचा अर्ज) धर्मादाय कार्यालयात अजून प्रलंबित आहे. (तिथल्या तारखांबद्दल मी छापण्याजोगे काही बोलू शकत नाही.) पद सोडल्याने बंधपत्रावरची सही पुसली जात नाही, हे जुन्या अध्यक्षांनाही आजच कळवा.

हिशेबाकडे या. 13 लाख खर्च झाले, 9 लाख तुम्ही मुदत ठेवीत टाकले. त्या ठेवीचे व्याज न्यासाचे नाही, ते सरकारजमा करावे लागते. शिवाय बिलांच्या यादीत 'सभामंडप फरशी, 40 हजार' अशी नोंद आहे. अनुच्छेद 27 वर मी वर जे म्हणालो, ते या एका ओळीने डळमळीत होते. आणि घटना बाजूला ठेवली तरी मंजुरी वसतिगृहाला होती, देवळाला नव्हे. ही रक्कम न्यासाच्या स्वतःच्या निधीतून आज भरून काढा आणि अनुदानाच्या शिल्लक रकमेत दाखवा. यूसीमध्ये ती दडवलीत तर पुढचे पत्र मला पाठवू नका.

नोटिशीला पंधरा दिवसांत उत्तर हवे होते. पाच महिने झाले. तरी उत्तर द्या. सनदी लेखापालाकडून झालेल्या खर्चाची यूसी जीएफआर 12-अ नमुन्यात घ्या, शिल्लक आणि व्याज भरण्याची तयारी लेखी कळवा, काम रखडल्याची कारणे कागदांसह द्या आणि प्रत्यक्ष सुनावणी मागा. मुदतवाढ मिळेल का, व्याजात सूट मिळेल का, हे योजनेच्या अटी पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही.

सुनावणी न देता वसुलीचा आदेश काढला तरच अनुच्छेद 226 खाली हायकोर्टात रिट करा, तीही नैसर्गिक न्यायाच्या, म्हणजे बाजू मांडू दिली नाही या मुद्द्यावर. फरशी कुठे बसली याचा हिशेब रिटमध्ये सहसा होत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज 'आम्ही खासगी आहोत' म्हणून परत पाठवल्याचे लिहिलेत. सरकारकडून भरीव पैसा घेणाऱ्या स्वयंसेवी संस्थांनाही हा कायदा लागू होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये म्हटले आहे. तुमचे अनुदान 'भरीव' ठरेल की नाही, यावर वाद घालता येईल, पण तेच कागद खात्याच्या फाइलमध्ये आहेत आणि तक्रारदाराला ते तिथून मिळतील. आणि धर्माचा मुद्दा निघालाच आहे, तर सकाळची प्रार्थना सर्व मुलांना सक्तीची असेल तर ती सक्ती आजपासून बंद करा.

पुढच्या वेळी येताना मंजुरी आदेश मूळ प्रतीत आणा. फोटो नको, दुसरे पान कापले गेले आहे.