नैराश्यावर केशर: पुरावा कुठवर पोचतो

आईच्या नैराश्याच्या गोळ्या बंद करून केशर सुरू करावं का, आणि केशर स्मरणशक्ती, डोळे, कॅन्सर अशा सगळ्यांवर चालतं हे कितपत खरं, असं तुम्ही विचारलंय. आधी गोळ्यांचं सांगते. त्या आपल्या मनाने बंद करू नका. एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं असे त्रास होतात आणि आजार उलटू शकतो.

माझी बरीच वर्षं औषधशास्त्र शिकवण्यात गेली, त्यामुळे केशरावरचे शोधनिबंध मी मन लावून वाचत आलेय. केशराचा त्यातल्या त्यात चांगला पुरावा आहे तो नैराश्याबद्दलच. तेहरानच्या अखोंदजादेह आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ३० रुग्णांवर सहा आठवडे चाचणी केली. काहींना रोज ३० मिलिग्रॅम केशर, बाकीच्यांना इमिप्रामीन हे नैराश्यावरचं औषध. दोन्ही गटांत सुधारणा झाली, लक्षणीय फरक आढळला नाही. २००५ मध्ये ४० जणांवर फ्लुओक्सेटीन या नैराश्यावरच्याच दुसऱ्या औषधाशी तुलना झाली, निष्कर्ष तसाच आला. त्याच सुमाराला औषध नसलेल्या, फक्त दिसायला तशाच कॅप्सूलशीही तुलना झाली आणि त्यात केशर सरस ठरलं. पुढे ऑस्ट्रेलियातही चाचण्या झाल्या.

मग गोळीऐवजी केशर का नको? ‘फरक आढळला नाही’ याचा अर्थ ‘दोन्ही सारखीच’ असा होत नाही. ४० जणांचे दोन गट केले की एकेका बाजूला २० माणसं. एवढ्याशा गटात दोन औषधांमधला बऱ्यापैकी मोठा फरकसुद्धा हाती लागत नाही. शिवाय सहा आठवड्यांत काही रुग्णांना आपोआपच बरं वाटू लागतं. डॉक्टर दर भेटीत आस्थेने चौकशी करतात, त्यानेही गुण येतो. तुलनेला बिनऔषधी कॅप्सूलचा गट नसेल तर यातलं श्रेय केशराला किती द्यायचं ते कळत नाही. आणि हे रुग्ण सौम्य ते मध्यम नैराश्याचे होते. तीव्र आजारात किंवा आत्महत्येचे विचार येत असताना या चाचण्यांचा आधार घेताच येत नाही.

मात्रेचाही घोळ होतो. एक किलो केशराला साधारण दीड लाख फुलं लागतात आणि प्रत्येक फुलात तीनच तंतू. म्हणजे एक तंतू सुमारे दोन मिलिग्रॅमचा, ३० मिलिग्रॅम म्हणजे जेमतेम पंधरा तंतू. पण बऱ्याच चाचण्यांत वापरला तो तंतूंचा अर्क, कॅप्सूलमध्ये मोजून भरलेला. पंधरा तंतू भिजवले की तीच मात्रा झाली असं धरू नका. तंतू अस्सल आहेत का, हा आणखी वेगळा प्रश्न. थंड पाण्यात टाकून बघा: खऱ्या केशरातून सोनेरी पिवळा रंग सावकाश सुटतो आणि तंतू बराच वेळ लालच राहतो. टाकल्या टाकल्या पाणी लाल झालं आणि तंतू पांढरा पडला, तर करडईच्या पाकळ्या किंवा रंगवलेलं दुसरंच काहीतरी असण्याची शक्यता जास्त.

डोळ्यांचं म्हणाल तर, उतारवयात दृष्टिपटलाची झीज होते तिच्यावर रोज २० मिलिग्रॅम देऊन इटलीत आणि सिडनीत चाचण्या झाल्या. सिडनीच्या २०१९ मधल्या चाचणीत १०० रुग्ण होते. तीन महिन्यांनी सुधारणा नोंदली गेली खरी, पण तक्त्यावर वाचता येणाऱ्या अक्षरांत सरासरी एका अक्षराचीही भर पडली नाही. अल्झायमरवरच्या चाचण्या छोट्या आहेत, काही महिन्यांच्याच. निरोगी माणसाची स्मरणशक्ती त्याने वाढते असं त्यातून निघत नाही. कॅन्सरचं जे फिरतं ते बहुतेक काचेच्या बशीतल्या पेशींवरचं आणि उंदरांवरचं आहे. त्याच्या भरवशावर कुणाचे उपचार लांबले तर फार वाईट होईल, म्हणून हे स्पष्ट लिहितेय.

जेवणात चिमूटभर केशराने काही बिघडत नाही. रोज ४०० मिलिग्रॅम आठवडाभर दिल्यावर मात्र निरोगी लोकांचा रक्तदाब आणि प्लेटलेट थोडे उतरलेले दिसले. पाच ग्रॅमच्या आसपास केशर विषारी ठरू शकतं, आणि गरोदरपणी मोठी मात्रा गर्भपाताला कारण होऊ शकते.

आईंच्या गोळीचं नाव आणि त्या रक्तदाबाचं किंवा रक्त पातळ करणारं औषध घेतात का, हे लिहून डॉक्टरांकडे घेऊन जा. गोळी चालू ठेवून सोबत केशराची कॅप्सूल द्यावी का, हे त्यांना सरळ विचारा. गोळीसोबत केशर देऊन केलेल्या चाचण्याही आहेत, तेव्हा तुमचा प्रश्न ते उडवून लावणार नाहीत.