मागाच्या वरचा आवाज

सोलापूर,
रविवार, सकाळ

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन उचलला तेव्हा आधी वाटलं, तुझे वडीलच बोलताहेत. तू ‘बाई’ म्हणालीस तेव्हा ओळख पटली. दहा मिनिटांत अकरा वेळा खाकरलीस. मोजायची सवय आहे मला, ती कशी लागली ते पुढे सांगते. सोमवारी आवाज बरा असतो, शुक्रवारपर्यंत फाटतो, सुट्टीत परत येतो, असं म्हणालीस. तेवढ्यावरच मला अंदाज आला.

‘माझा घसाच नाजूक आहे’ हे मात्र मला पटलं नाही. तू सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरांच्या वस्तीतली पोर. खाली माग, वर घर. ते खटाखटा चालू असताना ‘अम्मा, भूक लागली’ हे तू कुठल्या पट्टीत म्हणायचीस, आठव. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे लोंबार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली लिहून ठेवलंय. मागावरच्या बायकांना ते न वाचताच ठाऊक होतं. आता तू शिकवतेस त्या वर्गात माग नाही. एक कुरकुरणारा पंखा आणि साठ पोरं आहेत. पण तू अजून मागाच्या वरूनच बोलतेस.

आत काय होतं ते सांगते. स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात, बाईचे जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांब. आपण बोलतो तेव्हा ते सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात. म्हणजे मिनिटभर सलग ‘आ’ लावला तर १२,००० टाळ्या. ओरडलं की टाळी जोरात बसते, आणि रोज त्याच जागी बसली की तिथे घट्टा पडतो, विणकराच्या हाताला पडतो तसा. दोन्ही बाजूंना, समोरासमोर. डॉक्टर त्याला गाठी म्हणतात आणि आपण तो शब्द ऐकून घाबरतो. हा कॅन्सर नव्हे. पण तुझ्या घशात हेच आहे, असं मी फोनवरून ठरवू शकत नाही आणि तूही ठरवू नकोस. आवाज तीन-चार आठवडे बसलेला असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून स्वरतंतू बघायलाच हवेत. सिव्हिलमध्ये तो विभाग आहे. गिळताना त्रास, श्वासाला अडथळा, थुंकीत रक्त किंवा मानेत गाठ असं काही दिसलं तर तेवढेही दिवस थांबायचं नाही. (जिवंत माणसाचे हलते स्वरतंतू आरशातून नीट बघितले ते मानुएल गार्सियाने, १८५४ साली, तेही स्वतःचेच. तो डॉक्टर नव्हता, गाणं शिकवणारा मास्तर होता. मला हे फार आवडतं.)

माझ्याही गाठीच निघाल्या होत्या. तेव्हा मी पंधरा दिवस मौन धरलं. घरात पाटीवर लिहून भाजी सांगायचे. आवाज आला, मी खुशीत शाळेत गेले आणि दिवाळीच्या आत पुन्हा बसला. बसणारच. विश्रांती झाली होती, बोलायची रीत तीच होती. मग पुण्याला एका वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी औषध दिलं नाही. एका श्वासात ‘आ’ म्हणायला लावलं. निरोगी माणसाचा पंधरा सेकंद तरी चालतो, माझा सहा सेकंदांत संपला. घरी खाकरणं मोजायला सांगितलं. माझा मुलगा कॅलेंडरवर रेघा मारायचा, पहिल्या दिवशी ७४ निघाल्या! खाकरणं म्हणजे स्वरतंतू एकमेकांवर घासून आपटणं. त्याऐवजी घोटभर पाणी प्यायचं किंवा नुसता आवंढा गिळायचा. महिन्याने रेघा दहाच्या आत आल्या.

त्यांनी शिकवलेला व्यायाम तुलाही डॉक्टरांना दाखवल्यावर बहुतेक शिकवतील. पेल्यात पाणी घ्यायचं, त्यात दोन बोटं बुडेल इतपत स्ट्रॉ धरायची आणि ‘ऊ’ आवाज काढत बुडबुडे सोडायचे. दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. तोंड अर्धवट बंद असलं की आतली हवा उलटी दाबते आणि स्वरतंतू हलकेच भेटतात, आपटत नाहीत. पोरखेळ वाटतो. मलाही लाज वाटायची, मोरीत जाऊन करायचे. मग ओठ मिटून ‘म्म’, नाकाजवळ, ओठांवर गुणगुण जाणवेपर्यंत, आणि तीच गुणगुण धरून ‘मुलांनो, माझं मत’ अशी ‘म’ची वाक्यं. आठवड्याला एक बैठक, असे दोन महिने लागले. गाठींसाठी आधी हेच करून बघतात, शस्त्रक्रियेचं नंतर.

तू चघळतेस त्या ज्येष्ठमध-खडीसाखरेबद्दल. चघळ, बरं वाटतं. पण गिळलेलं काहीच स्वरतंतूंपर्यंत जात नाही. गेलं तर ठसका लागेल! गुळण्यांचंही तेच. पाणी पोटातून, रक्तातून फिरून तिथे पोचतं, म्हणून घसा सुकल्यावर गटागटा प्यायचा उपयोग नाही, सकाळपासून घोट घोट चालू ठेवायचं. आपल्याकडे मार्चअखेरीपासून पारा चाळिशीच्या आसपास, त्यात फळ्याची धूळ. वाफ मात्र थेट पोचते, साध्या पाण्याची घे. आणि घसा बसला म्हणून कुजबुजू नकोस. त्यात आणखी ताण पडतो. हळू, पण आवाजातच बोल.

वर्गातलं सगळ्यात अवघड. पोरं गप्प करायला ओरडायचं नाही. टाळी, डस्टरची टकटक, किंवा नुसतं गप्प उभं राहणं. मला पहिल्यांदा तीन मिनिटं उभं राहावं लागलं. शेवटच्या बाकाला सांगायचं असेल तर शेवटच्या बाकाजवळ जा. फळ्याकडे तोंड करून बोलू नकोस. कमरेला बांधायचा छोटा स्पीकर मिळतो, तो घे. शिक्षकखोलीत हसतील, हसू देत. यंदा गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेत, नंदीध्वजांसोबत ‘बोला हर्र’ म्हणायला जाशीलच, तुला अडवणं मला जमायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळेत तोंडी कमी, फळ्यावर जास्त.

रात्री दहाला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि लगेच आडवं होणं हेही बंद. पोटातलं आम्ल वर येतं आणि स्वरयंत्राला पोळतं. सकाळी उठल्यावर आवाज जास्त घोगरा असतो का, ते बघून ठेव, डॉक्टर विचारतील.

दुर्बीण झाली की पुढच्या रविवारी ये. रिपोर्ट आण, स्ट्रॉ माझ्याकडे आहेत. दुपारी जेवायला ये, म्हणजे चटणीही मिळेल. आणि खालून हाक मारू नकोस, बेल दुरुस्त करून घेतली आहे.

तुझी,
बाई