मोठा मासा सोडायचाय? तयारी गळ टाकण्याआधी करा

प्रश्न (पुणे): आम्ही चौघे अंदमानला जायंट ट्रेव्हली, म्हणजे जीटी गरवायला चाललोय. बोटवाल्यांची अट आहे की सगळे जीटी सोडायचे. फोटोसाठी मासा किती वेळ वर धरला तर चालतो?

उत्तर: कॅमेरा तयार नसेल तर मासा पाण्याबाहेर काढूच नका. तयार असेल तर दहा सेकंद पुरेत. झुंजून दमलेल्या माशाच्या अंगात आम्ल साचलेलं असतं, त्याला प्राणवायूची सगळ्यात जास्त गरज असते आणि नेमकं तेव्हाच आपण त्याला हवेत धरतो. हवेत कल्ल्यांचे पापुद्रे एकमेकांना चिकटतात. कॅनडात रेनबो ट्राउटवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. दमवून पाण्यातच ठेवलेल्या माशांपैकी १२ टक्के मेले. दमवल्यावर ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ३८ टक्के, आणि ६० सेकंद ठेवलेल्यांपैकी ७२ टक्के. ट्राउट वेगळा आणि जीटी वेगळा, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण फोटोचं एकेक सेकंद माशाला महाग पडतं, हे दोघांनाही लागू आहे.

खरं काम मात्र त्याआधीचं आहे. हलक्या रॉडवर मोठा मासा तासभर खेळवण्यात मला काही पराक्रम दिसत नाही. दणकट रॉड, जाड ब्रेड (विणलेला दोर) आणि घट्ट ड्रॅग (रिळाचा ब्रेक) घेऊन त्याला लवकर बोटीपाशी आणा. पॉपरचे, म्हणजे पृष्ठभागावर ओढायच्या कृत्रिम आमिषाचे, तिहेरी गळ काढून एकेरी लावा आणि गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. तिहेरी गळाचं एक टोक तोंडात असतं, दुसरं माशाच्या डोळ्यात किंवा तुमच्या तळहातात जातं. बोटीजवळ मासा उसळला की पॉपर सुटून सरळ चेहऱ्याकडे येऊ शकतो, म्हणून गॉगल उतरवू नका.

धरताना हात ओले हवेत. एक हात शेपटीच्या बुंध्याला, दुसरा पोटाखाली. ग्रिपरने, म्हणजे जबडा पकडायच्या चिमट्याने, उभा लटकवला तर सगळा भार जबड्यावर आणि आतल्या सांध्यांवर येतो. कल्ल्यांत बोटं घालू नका. सोडताना डोकं खाली करून पाण्यात सोडलं की जीटी बहुधा तसाच खोल जातो. सुस्त वाटला तर शेपटी धरून तोंड प्रवाहाकडे करा आणि बोट सावकाश पुढे घ्यायला सांगा. मागेपुढे हलवण्याची सवय अनेकांना असते, ती सोडा. पाणी तोंडातून शिरून कल्ल्यांवाटे बाहेर पडायला हवं. मासा मागे ओढला की ते उलटं होतं.

प्रश्न (मालवण): चाळीस मीटरवर जिगला (धातूच्या जड आमिषाला) गोब्रा, म्हणजे ग्रुपर, लागतो. वर येईपर्यंत तोंडातून फुग्यासारखं काहीतरी बाहेर आलेलं असतं आणि सोडला तरी तो तरंगत राहतो. सोबतचे म्हणतात, ते सुरीने फोड. फोडू का?

उत्तर: मुळीच नाही. बाहेर आलेलं ते त्याचं जठर आहे. त्यामागे फुगलेलं असतं ते वाताशय, म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी. घोळीचं हेच वाताशय बाजारात बोत म्हणून विकलं जातं. चाळीस मीटरवरचा दाब पृष्ठभागावरच्या पाचपट असतो, त्यामुळे वर येईपर्यंत आतली हवा पाचपट जागा मागते. गोब्र्याला ती चटकन बाहेर टाकता येत नाही.

उपाय एकच, त्याला परत खोल पोहोचवणं. त्यासाठी जबड्याला लावायचा वजनदार चिमटा मिळतो, ठरावीक खोलीवर तो आपोआप सुटतो. नाहीतर काटा दाबलेला मोठा गळ उलटा बांधा, त्याला दीड-दोन किलोचं शिसं लावा, खालच्या ओठात अडकवून मासा खाली न्या आणि दोरीला झटका द्या. अमेरिकेने मेक्सिकोच्या आखातात खडकाळ तळाचे मासे गरवणाऱ्यांना असं साधन किंवा हवा काढायची पोकळ सुई तयार ठेवणं २०२२ मध्ये सक्तीचं केलं. सुई कुठे टोचायची हे शिकल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका.

सुरमई, मोडुसा आणि मुशी यांना वाताशय नसतं, त्यामुळे त्यांना हा त्रास होत नाही. गोब्रा सोडायचाच असं ठरवलं असेल, तर मी तुम्हाला चाळीस मीटरवर जिग टाकूच नका असं सांगेन.

प्रश्न (रेवदंडा): खाडीच्या तोंडाशी मला अधूनमधून दहा-बारा किलोचा जिताडा लागतो. सोडावासा वाटतो, पण घरचे विचारतात, सोडायचा होता तर धरलास कशाला?

उत्तर: घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे पाहुण्याला जिताडा वाढणं हा मान आहे आणि खाण्यासाठी मासा धरण्यात काही गैर नाही. पण जिताडा लहानपणी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. तुमच्या गळाला लागणारा मोठा जिताडा बहुतेक वेळा मादीच असतो, लाखो अंडी देणारी. ती खाडीच्या मुखाशी विणीला येते, आणि तुम्ही गळ टाकता तेही तिथेच. म्हणून दोन-तीन किलोचा घरी न्या, मोठी सोडा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या समुद्रात आणि खाड्यांत १२० सेंटिमीटरहून मोठा जिताडा ठेवायला कायद्यानेच बंदी आहे. आपल्याकडे तसा नियम व्हावा असं मला मनापासून वाटतं.

गळ खोल गिळला असेल आणि कल्ल्यांतून रक्त वाहत असेल, तर मात्र तो मासा घरी न्या. मरणारा मासा पाण्यात टाकून कुणाचंच भलं होत नाही.

प्रश्न (मस्कत): जिवंत आमिषावर सेलफिश लागतो, पण गळ पोटात जातो. काय करावं?

उत्तर: सर्कल हुक वापरा. त्याचं टोक आत वळलेलं असतं, त्यामुळे तो घशातून सरकत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. हिसका मात्र द्यायचा नाही; दोर ताणला जाऊ द्या आणि सावकाश गुंडाळा. अमेरिकेच्या अटलांटिक स्पर्धांत खरं आमिष वापरून सेलफिश आणि मार्लिन गरवताना २००८ पासून हाच गळ बंधनकारक आहे. तरीही गिळलाच, तर खेचून काढू नका, तोंडाजवळ दोर कापा. गळ साध्या पोलादाचा घ्या, म्हणजे गंजून जाईल, स्टेनलेस नको. सेलफिशची भाल्यासारखी सोंड धरायची तर हातमोजे घालून, आणि तिचं टोक स्वतःकडे किंवा सोबत्याकडे येऊ न देता.

प्रश्न (डहाणू): गळाचं नाही, जाळ्याचं विचारतो. व्हेल शार्क अडकला तर जाळं कापायचं, मग नुकसान कोण भरणार?

उत्तर: व्हेल शार्कला २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे सोडणं भागच आहे. राज्याच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने डिसेंबर २०१८ मध्ये योजना सुरू केली. संरक्षित प्राणी सोडताना जाळं फाटलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जाळं कापतानाचे फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवा.

प्रश्न (ठाणे): काट्याला न लटकवता वजन कसं कळेल?

उत्तर: मऊ टेपने पाण्यातच मोजा. तोंडापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत लांबी आणि पोटाचा सगळ्यात मोठा घेर, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले २९,०००. लांबी १०० आणि घेर ७५ असेल तर साधारण साडेएकोणीस किलो. हा अंदाज आहे, थोडं इकडेतिकडे होईल.