एल्क न मिळालेल्या आठवड्याबद्दल

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

एल्कच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या त्या मोठ्या हरणाच्या, शिकारीहून परतून लिहिलेलं तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा थोडं हसू आलं, रागावू नकोस. "एवढे पैसे मोजून, गाईड घेऊन गेलो आणि सात दिवसांनी हात हलवत परत आलो," असं लिहिताना 'मोजून'खाली तू रेघ मारली आहेस. त्या रेघेपासूनच सुरुवात करतो.

पैसे तू एल्कचे दिले नव्हतेस. गाईडचे पाय, त्याचे डोळे, घोडी, तंबू आणि त्या डोंगरात त्याने काढलेली वर्षं, यांचे दिलेस. कुंपणात कोंडलेला नर हमखास मिळतो, मोकळ्या रानातला नाही. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात दर मोसमात एल्कच्या मागे जाणाऱ्यांपैकी ढोबळमानाने पाचातल्या एखाद्यालाच शिकार मिळते. गाईड असला की आशा वाढते, हमी मिळत नाही. बुकिंगच्या वेळी हे तुला कुणी नीट सांगितलं नसेल, तर ते मात्र चुकलं.

त्यात तुझा ऑक्टोबर कोरडा गेला. सप्टेंबरात एल्क माजावर असतात, तेव्हा नर स्वतःच ओरडून आपला पत्ता सांगतो. रायफलने शिकार करण्याच्या मोसमापर्यंत तो बराचसा गप्प झालेला असतो आणि दिवसभर दाट झाडीत पडून राहतो. वर भरपूर बर्फ पडला की चारा झाकला जातो आणि कळप खाली उतरतात. तुझ्या वाट्याला ऊन आलं. याचा दोष ना तुझा, ना गाईडचा.

चौथा दिवस मात्र तुझा. ऊन चढल्यावर हवा दरीतून वर वाहू लागते, म्हणून गाईडने तुला झाडीच्या वरच्या खडकाशी बसवलं आणि दुपारपर्यंत हलू नकोस म्हणून बजावलं. अकराला पाय गारठले म्हणून तू उठलास आणि खाली चक्कर मारून आलास. तुझा वास त्याच हवेबरोबर सगळ्या झाडीत चढला. संध्याकाळी गाईडला तिथे ताज्या लेंड्या आणि दबलेलं गवत दिसलं, हे तूच लिहिलं आहेस. पुढे एक शब्दही नाही! मला वाटतं, खरं काय ते तुला कळलेलं आहे.

या बाबतीत तुला सोबत मोठी आहे. नोव्हेंबर 1902 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत अस्वलाच्या शिकारीला गेले होते. होल्ट कॉलियर हा नामांकित गाईड दिमतीला होता. त्याने त्यांना मोक्याच्या जागी बसवलं. वाट बघून कंटाळून ते जेवायला कॅम्पवर गेले, आणि कुत्र्यांनी अस्वल नेमकं त्या सोडलेल्या जागीच आणलं. कॉलियरने ते पकडून झाडाला बांधून ठेवलं, पण बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टनी नकार दिला. 'टेडी बेअर' हे नाव तिथूनच आलं, टेडी म्हणजे थिओडोर. त्या सहलीत त्यांना स्वतःला अस्वल मिळालंच नाही. ते मिळालं 1907 मध्ये, लुईझियानात, आणि तेव्हाही कॉलियर बरोबर होता. म्हणजे ज्याच्याबरोबर रिकाम्या हाताने परतले, त्यालाच त्यांनी पुन्हा बरोबर घेतलं.

आता शेवटची संध्याकाळ. नर दिसला, लांब होता, तिरका उभा होता, उजेड संपत आला होता, आणि तू बंदुकीचा घोडा दाबला नाहीस. हे तू एका ओळीत उरकलंस. पोटात गोळी लागलेला एल्क अंधारात कितीही लांब जातो आणि रात्रभर मरत राहतो. असा माग मी एकदा काढला आहे, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. जनावर सापडलं नाही. तुझ्या सात दिवसांतलं ते सर्वांत चांगलं काम होतं. मी तिथे असतो तर गाईडच्या आधी तुझ्या पाठीवर थाप मारली असती.

गाईडबद्दलच्या तुझ्या तक्रारींत एक खरी आहे. एकट्यासाठी गाईड देतो म्हणून सांगितलं आणि दोघांत एक दिला. एल्क मिळाला असता तरी ही तक्रार केली असतीस का? उत्तर 'हो' असेल तर आयोजकांना साधं, थंड डोक्याने पत्र लिही. कॅम्पच्या जेवणाचं आणि त्याच्या अबोलपणाचं त्यात काही आणू नकोस. आणि निघताना रागाने टिप दिली नाहीस, ती पाठवून दे. तो पहाटे तीनला उठत होता, शिकार झाली नाही तरी.

घरी आणि मित्रांत "काय मिळालं?" असं विचारतील. "नाही मिळाला," म्हण आणि थांब. कारणं सांगायला लागलास की ऐकणाऱ्याला ती सबबच वाटते. पुढचं बुकिंग या महिन्यात करू नकोस, सूड उगवल्यासारखं होईल. त्यापेक्षा टेबलावर रायफल टेकवून नेम धरणं सोड. पायऱ्या चढून धाप लागलेली असताना, बसून नेम धरून बघ. डोंगरात टेबल नसतं.

रोज रात्री तंबूत वही लिहीत होतास म्हणालास. त्या पानांचे फोटो पाठव. चौथ्या दिवसाचं आधी.

तुझा,
काका