जोडीच्या कॉस्प्लेचे फोटो: पोझ नको, काम दे

कॉस्प्ले म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करणं. अशा वेशातल्या जोडीला पोझ सांगू नकोस, काम सांग. तिने त्याच्या खांद्यावरचा पट्टा नीट करावा, त्याने चालता चालता तिच्या कानात काहीतरी सांगावं. खरं हसू त्यानंतर क्षणभराने येतं, तेव्हा कॅमेरा लगेच खाली घेऊ नकोस. स्पर्श असेल तर दोघांनाही आधी विचार. विग, चिलखत कुठे निसटतंय ते त्यांनाच ठाऊक असतं.

मुंबई कॉमिक कॉन या कॉमिक्सप्रेमींच्या मेळाव्यासारख्या ठिकाणी बंदिस्त हॉलमधल्या दिव्यांमुळे फोटोत कधीकधी पट्टे उमटतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून शटर १/१०० सेकंद ठेवून बघ. ८५ मिमी लेन्सवर अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/२.८ ठेवलंस की मागची गर्दी छान धूसर होते, पण दोघांचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हवेत. शक्यतो सकाळीच गाठ त्यांना, दुपारपर्यंत मेकअप घामाने उतरायला लागतो.